मालक एसटीनं, गाडी काकांसोबत

आमच्या घराण्यात नवीन गाडी आणायची एक पद्धत होती. पसंत मालकानं करायची, सह्या मालकानं करायच्या, पण शोरूमपासून घरापर्यंत ती चालवत आणायची काकांनी. मालक परत यायचा एसटीनं. गाडी नागपूरची असो की यवतमाळची, यात बदल नाही. चुलत-मावस धरून अकरा गाड्या काकांनी अशा आणल्या होत्या, आणि अकराही मालक आपापल्या गाडीच्या आधी घरी पोचून फाटकाशी पाहुण्यासारखे उभे राहिले होते.

त्याला कारण होतं. काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं मेकॅनिक होते आणि नव्या इंजिनाबद्दल त्यांची मतं पक्की होती. पहिल्या दिवशी चाळीसच्या वर जायचं नाही. एकाच वेगानं रेटायचं नाही. पंचवीस किलोमीटर झाले की थांबायचं, गाडी सावलीत लावायची आणि ती थंड होईपर्यंत चहा प्यायचा. आणि डबलसीट तर मुळीच नाही. "दूधपितं वासरू पहिल्याच दिवशी वखराले जुपता का तुमी?" असं ते विचारायचे. ज्याच्या घरी ना वासरू ना वखर, तोही मान हलवून एसटीत जाऊन बसायचा.

माझे वडील मी बारावीत असताना गेले. त्यानंतर माझं जे काही झालं, ते काकांच्या देखरेखीखाली झालं. गाडी चालवायला त्यांनीच शिकवली. क्लच सोडताना घाई केली की पाठीत धपाटा बसायचा. मी जात्याच तापट आहे, कोणाचं ऐकून घेत नाही, पण त्यांचा धपाटा मी निमूट खाल्ला.

तीन वर्षांपूर्वी काका स्कूटर घेऊन इतवाऱ्यात भाजी आणायला गेले आणि ऑटोनं परत आले. स्कूटर कुठे, विचारलं तर म्हणाले, घरीच तर आहे. दोन दिवसांनी ती एका कांदेवाल्याजवळ सापडली. त्या भल्या माणसानं तिच्यावर पोतं झाकून ठेवलं होतं. मग एकदा राजकमल चौकात सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, आणि काका तिथेच उभे. मागचे हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर एक मोठं नाव लिहिलं आणि सांगितलं की जुनं बरंच राहील, नवं टिकणार नाही, आणि गाडी चालवणं बंद.

हे त्यांना सांगायचं कोणी? आमच्या घरात मोठ्या माणसाला तोंडावर काही सांगायची रीत नाही. किल्ली हरवते, गाडी बिघडते, नियम बदलतात, पण माणसाला कोणी काही म्हणत नाही. चुलत भावानं, म्हणजे काकांच्या मुलानं, स्कूटरची किल्ली पोह्यांच्या डब्यात लपवली. काकांनी आठवडाभर घर पालथं घातलं. मग एक दिवस त्यांनी शोधणं सोडलं. आम्हाला हायसं वाटलं. त्यांना काय वाटलं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी मी नवी मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. मला हवा तो गडद निळा रंग अमरावतीत मिळेना, दीड महिना थांबा म्हणाले. अकोल्याच्या शोरूममध्ये तीच गाडी तयार उभी होती. मी गुपचूप जाऊन घेऊन आलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण काकू बोलून गेली, आणि जायच्या दिवशी सकाळी सातला काका माझ्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत नारळ, दोन लिंबं, स्वच्छ फडकं, नट आवळायचे पाने आणि त्यांचं जुनं हेल्मेट.

"चाल," ते म्हणाले, "साडेसातची अकोला गाडी पकडू."

"काका, पौष चालू आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

"लोखंडाले पौष समजत नाही. चाल."

त्यांच्या मागोमाग आलेला चुलत भाऊ मला बाजूला घेऊन गेला. "ने त्यायले. नाई म्हटलं त दिवसभर डोकं खातीन. पण गाडी त्यायच्या हाती देऊ नको. काई झालं त जबाबदार तू." मी हो म्हटलं. काकू फाटकाशी उभी होती. तिला काकांकडे पाहून इतकं बरं वाटत होतं की तिनं मला सूचना द्यायचं टाळलं.

एसटीत काकांनी खिडकी घेतली. आणि आता मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. अख्ख्या प्रवासात मी त्यांच्या चुका मोजत होतो. बडनेऱ्याला त्यांनी विचारलं, "कोणत्या रंगाची घेतली?" मी म्हटलं, निळी. लोणीला त्यांनी पुन्हा विचारलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी मला आतून थोडं बरं वाटलं. कारण ते चुकत राहिले तर मी बरोबर ठरणार होतो. पण बाकी त्यांना सगळं ठाऊक होतं. गिअर पडताना झालेला आवाज ऐकून ते म्हणाले, "हिची क्लचप्लेट गेली, महिनाभरात रस्त्यावर उभी राहीन." ड्रायव्हरच्या चुका, रस्त्याच्या कडेची तुरीची कापणी, कुठला पूल कोणत्या सालच्या पुरात वाहिला होता, सगळं. मी मुकाट्यानं ऐकत होतो आणि मनात वाक्य जुळवत होतो. शोरूमला गेल्यावर काय सांगायचं, त्याचं वाक्य.

शोरूममध्ये गाडी पुसून, हार घालून उभी होती. काकांनी आधी तिला एक फेरी मारली. टायर दाबले, साखळीचा ताण बोटानं पाहिला, एक नट सैल निघाला तो आवळायला लावला. सेल्समन पोरसवदा होता, पण त्याला माणूस कळला. "काका, तुमी कंपनीत होते का?" त्यानं विचारलं. काका खुशीत हसले. मग नारळ फुटला. तिथे पुठ्ठ्याची एक हातभर लांब किल्ली असते, ती धरून फोटो काढतात. तो झाला. टाळ्या झाल्या. आणि खरी किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा त्या सेल्समननं, घरातलं वडीलधारं माणूस समोर असताना कोणीही करेल तेच केलं. किल्ली काकांच्या हातात ठेवली.

काकांनी ती कपाळाला लावली. पिशवीतून हेल्मेट काढलं. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तू एसटीनं जा. दीडची आहे. मी पाच वाजेपर्यंत येतो."

मी म्हटलं, "काका, नियम बदलला आता. नंबर येईपर्यंत ज्याच्या नावावर गाडी, त्यालाच चालवता येते. पोलीस पकडतात." आणि सेल्समनकडे पाहिलं. त्याला डोळ्यांनीच विनवलं. तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "हो काका, नवीन नियम आहे."

काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. हेल्मेट मात्र त्यांच्या हातातच राहिलं, ते त्यांनी दोनदा इकडून तिकडे केलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग तू आन गाडी. मी जातो एसटीनं."

याचा मी विचारच केला नव्हता. वाक्य जुळवताना मी गाडीपर्यंतच पोचलो होतो. काकांना अकोल्याच्या स्टँडवर एकट्याला सोडायचं? ते उलट्या दिशेच्या बाळापूरच्या गाडीत बसले तर? खामगावला उतरले तर? मी म्हटलं, "नाही नाही काका, तुम्ही माझ्या मागे बसा ना. सोबत जाऊ."

"डबलसीट? नव्या गाडीवर?"

"हळूच नेतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं ज्या माणसानं एसटीची इंजिनं उघडून पुन्हा मिटली, तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "एसटीनंही नाही का जाऊ शकत मी?"

सेल्समन कागद चाळायला लागला. काकांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि मागे बसले. तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. पोह्यांच्या डब्यातली किल्लीसुद्धा त्यांना त्याच क्षणी सापडली असणार, असं मला आज वाटतं.

अकोला सुटलं. मी चाळीसनं चाललो होतो. ट्रक धुरळा उडवत पुढे जात होते. पोरं वाकून बघत होती की एवढी नवी गाडी, चौपदरी रस्ता आणि हा बैलगाडीसारखा का चालला. मी दोन-चारदा काहीतरी बोललो, गाडी मऊ चालते वगैरे. "हं," एवढंच. त्यांचे हात माझ्या खांद्यावर नव्हते, मागच्या दांडीला होते.

बोरगाव मंजू मागे पडलं आणि थोड्या वेळानं गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. शोरूमवाले जवळच्या पंपापर्यंत पोचण्यापुरतंच घालून देतात, हे शेंबडं पोरही जाणतं. अकोल्यातून निघताना चार पंप लागले होते. मी माझ्या खोट्यात इतका गुंतलो होतो की एकाकडेही माझं लक्ष गेलं नाही. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो मला एवढ्या लवकर बसेल असं वाटलं नव्हतं.

काका खाली उतरले. "पुढं दीड किलोमीटरवर पंप आहे. लोट," म्हणाले.

मी हँडल धरलं, ते मागून लोटायला लागले. मी नको म्हणत होतो, ते ऐकत नव्हते. वय वर्षं त्र्याहत्तर. ऊन पौषाचं असलं तरी दुपारचं होतं. त्यांच्या धापेचा आवाज मला मागून ऐकू येत होता. मला त्यांचा राग आला. खरं तर स्वतःचा आला होता, पण माझा राग नेहमीच चुकीच्या माणसावर निघतो.

"काका, तुम्हाला काट्यावर दिसलं नव्हतं का?"

"दिसलं ना. बोरगावच्या आधीपासून थो दिवा लुकलुकून राहिला होता."

"मग सांगायचं नाही?"

ते थांबले. श्वास घेतला. "सांगणार होतो. मंग वाटलं, तुले राग येईन. चालवणारा तू. मागच्यानं कायले बोलाचं?"

मी वळून पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं. दिवसभर मी ज्या चुकीची वाट पाहत होतो, ती झाली होती, पण माझ्या हातून. रंग तीनदा विचारणारा माणूस दिवा बघत बसला होता, आणि ज्याचं डोकं शाबूत आहे तो सुक्या टाकीची गाडी हाकत होता.

पेट्रोल भरलं. मूर्तिजापूरला आम्ही थांबलो. काकांनी गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावायला सांगितली, इंजिनाजवळ तळहात नेऊन पाहिलं, म्हणाले, "तापली नाही. बरी चालवली." त्या दोन शब्दांनी मी आणखीनच मेलो. चहा आला, आलुबोंडे आले. त्यांनी आलुबोंडा अर्धाच खाल्ला.

मी किल्ली टेबलावर त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "काका, इथून पुढं तुम्ही चालवा. मी जातो एसटीनं. स्टँड समोरच आहे." मी मनापासून म्हणत होतो. भाऊ काय म्हणेल, डॉक्टर काय म्हणाले, त्या क्षणी मला कशाचीही पर्वा नव्हती.

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. हात लावला नाही. बशीतला चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली आणि म्हणाले, "नियम आहे ना."

मी म्हटलं, "नियमबियम काही नाही काका. मी खोटं बोललो."

"मले माहीत आहे." त्यांनी किल्ली बोटानं माझ्याकडे सरकवली. "तू काही वाईट केलं नाही. मलेच भेव वाटते आता. पण थे मी म्हणाचं होतं, तुमी नाही. एक डाव कोणी विचारलं असतं, काका, जमते का? तर मीच म्हटलं असतं, नाही जमत बाप्पा. कोणी विचारलंच नाही."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी मोबाइलवर कापसाचे भाव ऐकत होतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी थोडा वेळ तो तसाच राहू दिला, मग सोडवून घेतला आणि म्हणाले, चाल, काकू वाट पाहत असन.

मूर्तिजापूर ते बडनेरा त्यांचे हात माझ्या खांद्यावर होते. मध्ये एकदा त्यांनी खांदा दाबून थांबायला लावलं, पंचवीस किलोमीटर झाले म्हणून. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या मोरीवर बसून राहिलो. ते माझ्या वडिलांबद्दल बोलले. वडिलांना गाडी कधीच धड चालवता आली नाही, हे मला पहिल्यांदाच कळलं. आम्ही हसलोसुद्धा.

पाचच्या सुमारास आमच्या गल्लीच्या जवळ आलो. शेवटचं वळण यायच्या आधी पीठगिरणीपाशी काका म्हणाले, "थांब." ते उतरले. हेल्मेट काढून पिशवीत ठेवलं, शर्ट खाली ओढून नीट केला.

"इथून तू एकटा जा. मी येतो चालत."

"का काका?"

त्यांनी गल्लीच्या दिशेनं पाहिलं, मग गिरणीच्या पाटीकडे, मग माझ्याकडे. "काकूनं विचारलं त सांग, काकानं आणली. इथवर आणली, आन मंग तुया हाती देली, मालकानंच दारात न्यावी म्हणून. येवढं सांगजो."

मी हो म्हटलं. गाडी वळवली. फाटकाशी सगळे उभे होते. काकूच्या हातात ताट, शेजारच्या दोघी, भाऊ ऑफिसातून लवकर आलेला. मी गाडी उभी केली. काकूनं माझ्या मागे पाहिलं, रिकामी सीट पाहिली, वळणावरून चालत येणारे काका पाहिले, ते मागे बसून आले नाहीत असं धरलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"यायनं चालवली का?" तिनं विचारलं.

भाऊ माझ्याकडे रोखून बघत होता. सकाळी मी त्याला हो म्हणालो होतो. त्याच्या कपाळावरची आठी मला दिसली. बस, तेवढीच. ती आठी बघून माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही काकू. मीच चालवली. काका मागे बसले होते."

शोरूममध्ये त्यांच्याविरुद्ध खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नव्हती. त्यांच्या बाजूनं एक खोटं बोलायचं होतं, त्यांनी मागून घेतलेलं, तर मला खरं बोलायची हुक्की आली. भावाची आठी गेली. काकूनं ताट खाली केलं. आणि मला फाटकाजवळ काका दिसले. पिशवी खांद्याला, जरा धाप लागलेली. त्यांनी ऐकलं होतं.

"हो," ते सगळ्यांना म्हणाले, "त्यानंच आणली. चांगली आणली." आणि लिंबं काकूच्या ताटात ठेवून, गाडीकडे न बघता, पाय धुवायला मागच्या अंगणात गेले.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. काकांचं बरंच काही गेलं आहे. शेजारी कोण, जेवण झालं की नाही, आज वार कोणता, काही राहत नाही. मला ते कधी ओळखतात, कधी माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारतात. मी संध्याकाळी त्यांच्याकडे जातो, गाडी फाटकाशी लावतो, त्यांच्याजवळ बसतो. डॉक्टर म्हणाले होते ना, नवं टिकणार नाही. म्हणजे फाटकाशी मी जे बोललो तेही टिकलं नसणार, हा आधार मी एक प्रकारे धरून ठेवला होता.

परवा ते बराच वेळ गाडीकडे बघत होते. म्हणाले, "चांगला रंग आहे. कोणाची?"

मला वाटलं, ही वेळ आहे. तेव्हा जे बोलायचं होतं ते आता तरी बोलावं. मी म्हटलं, "माझी आहे काका. पण आणली तुम्ही. अकोल्याहून तुम्हीच चालवत आणली होती. मी एसटीनं आलो."

काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एखाद्या पोराला समजवावं तसं, अजिबात न रागावता ते म्हणाले, "नाही रे. तू आणली. मी मागं बसलो होतो."